सुतात ओवलेली फुले
समाजाची पडझड, आयुष्याची वळणे आणि कथांची गुंफण

वडीगोद्री हे जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील गाव धुळे-सोलापूर महामार्गावर आहे. येथून दक्षिणेकडे थोडे अंतर गेले की शहागडजवळ हा मार्ग गोदावरी ओलांडून बीड जिल्ह्यात शिरतो. पश्चिमेला, नदीच्या वरच्या अंगाला पैठण आहे. पैठणच्या जायकवाडी धरणातून निघालेला डावा कालवा याच पट्ट्यातून परभणीकडे जातो. या भूमीच्या इतिहासाकडे पाहताना विद्वानांची दृष्टी बहुधा सातवाहनांची नाणी, यादवांची देवालये आणि निजामाचे फर्मान यांवरच स्थिरावते. प्रस्तुत लेखात आम्ही वेगळ्या प्रश्नाचा विचार करणार आहोत. समाज कोसळतो तेव्हा त्याची कथा कशी सांगावी? आणि त्या कोसळण्यात ज्यांचे आयुष्य बदलून गेले, त्या अनेकांच्या कथा एकमेकींत कशा गुंफाव्यात?

हा प्रश्न केवळ साहित्यशास्त्राचा नाही. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी कर्त्या वयात अनुभवला, १९७८ मध्ये ज्यांची घरे जळाली, त्या पिढीतील माणसे आता झपाट्याने कमी होत आहेत. त्यांच्या आठवणी घरोघर सांगितल्या जातात, परंतु त्या सुट्या असतात. एका घरची आठवण दुसऱ्या घरच्या आठवणीला जोडली जात नाही. ती जोडली गेली नाही, तर जे घडले ते एकेका कुटुंबाचे दुर्दैव ठरेल. समाजाने केलेला अन्याय म्हणून त्याची नोंद राहणार नाही.

वेरंजेचा दुष्काळ

विनयपिटकाच्या पाराजिक भागाचा प्रारंभच एका दुष्काळाने होतो. तथागत भिक्खुसंघासह वेरंजा येथे वर्षावासाला राहिले असता तेथे दुष्काळ पडला. पीक करपले, भिक्षा मिळेना. उत्तरापथाचे घोड्यांचे व्यापारी त्या वेळी तेथे मुक्कामाला होते. घोड्यांसाठी आणलेल्या धान्यातून ते भिक्खूंना थोडे थोडे देत. भिक्खू ते उखळात कांडून खात आणि तथागतही तेच ग्रहण करीत. ज्यांनी १९७२ साली खडी फोडण्याच्या कामावर सुकडी आणि परदेशातून आलेला मिलो खाल्ला, त्यांना या प्रसंगाचे स्पष्टीकरण द्यावे लागणार नाही.

या प्रसंगात दोन संवाद येतात. पहिल्यात महामोग्गल्लान म्हणतात की, पृथ्वीच्या खालच्या थरात मधासारखे सत्त्व आहे. आपण पृथ्वीच उलथी करू. तथागत त्यांना परवानगी देत नाहीत. पृथ्वीवर राहणाऱ्या जिवांचे काय होईल, असा त्यांचा प्रश्न असतो. दुष्काळावर चमत्काराचा तोडगा तेथेच नाकारला गेला.

दुसरा संवाद आमच्या विषयाच्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे. सारिपुत्त विचारतात की, कोणत्या बुद्धांचे शासन चिरकाल टिकले आणि कोणाचे टिकले नाही? तथागत उत्तरादाखल फुलांची उपमा देतात. फळीवर नाना प्रकारची फुले ठेवली, पण ती सुतात ओवली नाहीत, तर वारा त्यांना विखरून टाकतो. तीच फुले सुतात नीट ओवली तर वाऱ्याने विखुरत नाहीत. तेथे संदर्भ शिक्षापदांचा आहे, हे आम्ही जाणतो. तरीही ही उपमा उच्चारली गेली ती ऐन दुष्काळात, जेव्हा सारेच विखरून जाण्याची भीती होती, हे विसरता येणार नाही. आमच्या लोकांच्या आठवणी आज अशाच फळीवरच्या फुलांसारख्या आहेत.

गोदातीरावरची एक गुंफण

कथा ओवण्याचे सर्वांत जुने उदाहरण शोधण्यासाठी आम्हांला गोदावरीच्या खोऱ्याबाहेर जाण्याची गरज नाही. सुत्तनिपाताच्या शेवटी पारायणवग्ग आहे. त्याच्या आरंभीच्या वत्थुगाथेत बावरी नावाच्या ब्राह्मणाची हकीकत येते. हा कोसलातून दक्षिणेकडे आला आणि अस्सकांच्या प्रदेशात, अळकाजवळ, गोदावरीच्या काठी राहू लागला. एकदा त्याने यज्ञ करून जवळचे सर्व दान देऊन टाकले. त्यानंतर एक दरिद्री, धुळीने माखलेला ब्राह्मण आला आणि त्याने पाचशे नाणी मागितली. बावरीजवळ काहीच उरले नव्हते. तेव्हा त्या ब्राह्मणाने शाप दिला की, सातव्या दिवशी तुझ्या मस्तकाची सात शकले होतील. बावरीने अन्न सोडले. तो भयाने सुकू लागला.

पुढे त्याने आपल्या सोळा शिष्यांना तथागतांकडे पाठविले. त्यांच्या वाटेवरचे पहिले नगर म्हणजे पतिट्ठान, आजचे पैठण. तेथून माहिस्सती, उज्जेनी, वेदिसा, कोसंबी, साकेत, सावत्थी, कपिलवत्थू, कुसिनारा, वेसाली असा प्रवास करीत ते मगधातील पासाणक चेतियापाशी पोहोचले. मस्तक म्हणजे काय आणि ते फोडणारे काय, हा त्यांचा पहिला प्रश्न होता. तथागतांनी सांगितले की, अविद्या हेच मस्तक. श्रद्धा, स्मृती, समाधी, छंद आणि वीर्य यांनी युक्त अशी विद्या ही ते मस्तक फोडणारी. एका शब्दाच्या अर्थपालटाने शापाचे भय नाहीसे झाले. शापावर जगणाऱ्या व्यवस्थेला एवढे नेमके उत्तर प्राचीन साहित्यात क्वचितच सापडेल.

यानंतर अजित, तिस्समेत्तेय, पुण्णक, मेत्तगू यांच्यापासून मोघराजा आणि वृद्ध पिंगियापर्यंत सोळा जणांचे सोळा प्रश्न येतात. प्रत्येक संवाद स्वतंत्र आहे, प्रत्येकाची व्यथा निराळी आहे. शेवटी पिंगिय गोदातीरी परततो आणि जे पाहिले-ऐकले ते बावरीला सांगतो. म्हणजे कथा जेथे सुरू झाली तेथेच येऊन मिळते. निद्देस या प्राचीन टीकाग्रंथात पारायणाच्या प्रश्नांवर विवरण आहे, पण वत्थुगाथेवर नाही. त्यावरून विद्वानांनी असे अनुमान केले आहे की, सोळा प्रश्न आधीचे असून बावरीची चौकट नंतर रचली गेली. हे अनुमान मान्य केले तर कोणीतरी आधीच अस्तित्वात असलेली सोळा फुले गोदावरीच्या सुतात ओवली, असे म्हणावे लागते. ते करताना त्याने सूत म्हणून निवडला तो कोणा राजाचा दरबार नव्हे, तर भयग्रस्त माणसाचा नदीकाठचा आश्रम.

याच पैठणशी गुणाढ्याच्या बृहत्कथेची परंपराही जोडलेली आहे. पैशाची या दरबाराबाहेरच्या भाषेत लिहिलेला हा ग्रंथ राजाने नाकारला, तेव्हा गुणाढ्याने एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवीत अग्नीत टाकले. सात लाखांपैकी सहा लाख श्लोक जळाले, अशी आख्यायिका आहे. मूळ ग्रंथ आज उपलब्ध नाही. सोमदेवाचा कथासरित्सागर आणि क्षेमेंद्राची बृहत्कथामंजरी यांतून त्याची रूपांतरे मात्र उरली. आख्यायिकेतील आकडे बाजूला ठेवले तरी तिचा आशय खरा आहे. लोकभाषेतील कथांना दरबाराने जागा दिली नाही, तर त्या जळून जातात आणि मागे उरते ते दुसऱ्याने दुसऱ्या भाषेत केलेले रूपांतर.

समाज कसा कोसळतो

आता समाजाच्या पडझडीकडे वळू. दीघनिकायातील चक्कवत्ति-सीहनाद सुत्त हे या विषयावरचे अत्यंत थोर कथन होय. दळ्हनेमी राजाच्या वंशातील एक राजा परंपरेने आलेला धम्म सोडून स्वतःच्या मताने राज्य करू लागला. अमात्यांनी सांगितल्यावर त्याने प्रजेच्या रक्षणाची व्यवस्था केली. परंतु निर्धनांना धन दिले नाही. सुत्तातील सारी पडझड या एका उणिवेतून निघते. धन न दिल्याने दारिद्र्य वाढले. दारिद्र्यातून चोरी आली. राजाने पहिल्या चोराला धन दिले, तेव्हा ते ऐकून इतरही चोरी करू लागले. मग राजाने शिरच्छेदाची शिक्षा सुरू केली. ते पाहून लोकांनी स्वतःच धारदार शस्त्रे करविली आणि गावे लुटली. शस्त्रातून हत्या, हत्येतून असत्य, पुढे चहाडी, व्यभिचार, लोभ, द्वेष, मिथ्यादृष्टी अशी साखळी लांबत जाते. ऐंशी हजार वर्षांचे आयुर्मान घटत घटत दहा वर्षांवर येते. तूप, तेल, मध, मीठ लुप्त होतात आणि कुद्रूस हे हलके धान्य उत्तम अन्न ठरते. अखेरीस सात दिवसांचे शस्त्रयुग येते. त्यात माणसे एकमेकांना सावज समजून मारतात.

मात्र काही जण गवतात, रानात, नदीच्या बेटांत, डोंगरकपारीत लपून राहतात. सात दिवसांनी ते बाहेर येतात. दुसरा माणूस जिवंत दिसताच ते त्याला मिठी मारतात आणि हत्या न करण्याचा निश्चय करतात. तेथून आयुर्मान पुन्हा वाढू लागते. ज्याला आपण आयुष्याला कलाटणी देणारा क्षण म्हणतो तो हाच. त्यात आकाशवाणी नाही, अवतार नाही. समोरचा माणूस जिवंत आहे, एवढे दिसणेच पुरेसे ठरते.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना या सुत्ताचे महत्त्व पूर्णपणे उमगले होते. ‘बुद्ध की कार्ल मार्क्स’ या त्यांच्या अपूर्ण निबंधात त्यांनी या सुत्तातील उतारा घेतला आहे. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या तिसऱ्या खंडात, १९८७ साली, तो निबंध वाचकांसमोर आला. दारिद्र्याचे मूळ दरिद्री माणसाच्या पूर्वजन्मीच्या पापात नसून राजाने न केलेल्या कर्तव्यात आहे, हे सुत्तात स्वच्छ सांगितले आहे. कूटदंत सुत्तातील पुरोहितही राजाला हेच सांगतो: शेतकऱ्याला बी-बियाणे द्या, व्यापाऱ्याला भांडवल द्या, राजसेवकाला वेतन द्या, लूटमार आपोआप थांबेल.

जातकांची अडचण

येथे जिज्ञासू वाचक एक शंका घेईल. बौद्ध साहित्यातील गुंफलेल्या कथांचा सर्वांत मोठा साठा म्हणजे जातक. प्रत्येक जातकात आधी वर्तमान प्रसंग, मग भूतकाळची कथा आणि शेवटी समोधान असते, म्हणजे त्या वेळी अमुक तो आज तमुक, अशी जुळणी. दुर्गा भागवतांनी ‘सिद्धार्थ जातक’ या नावाने सात खंडांत जातकांचे मराठी भाषांतर केल्यामुळे ही रचना मराठी वाचकाच्या परिचयाची आहे. परंतु समोधानाचा धागा पूर्वजन्माचा आहे. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात आत्मा आणि त्याचे संसरण यांचा स्वीकार केला नाही. पूर्वजन्मीच्या कर्मामुळे आज दारिद्र्य येते, हा सिद्धान्त तर त्यांनी स्पष्टपणे नाकारला. मग जातकांचा घाट आम्ही स्वीकारावा कसा?

आमच्या मते घाट स्वीकारता येतो, धागा बदलावा लागतो. समोधानाचा हेतू असा की, आजच्या प्रसंगाचे कारण आधीच्या प्रसंगात दाखवावे. हे कारण एका आत्म्याच्या प्रवासात शोधण्याऐवजी समाजाच्या व्यवहारात शोधले, तर समोधान प्रतीत्यसमुत्पादाच्या अधिक जवळ जाते. ‘त्या जन्मी जो सावकार होता तो आज भिकारी’ असे न म्हणता, ‘त्या साली ज्या विहिरीवर बंदी होती तीच आज गावाच्या भांडणाचे कारण आहे’ असे म्हणावे. एका माणसाच्या कृतीचे फळ दुसऱ्याच माणसाला भोगावे लागते, हे तर जातिव्यवस्थेने आम्हांला रोज शिकविले आहे.

थेरीगाथेत असा मानवी धागा आधीच आहे. अट्ठकथेनुसार पटाचारेने पती, दोन पुत्र आणि माहेरची माणसे एकापाठोपाठ गमावली व ती भ्रमिष्ट झाली. पुढे ती संघात आली. तिच्या स्वतःच्या गाथेत मात्र हा आकांत नाही. पाय धुतलेले पाणी उतारावरून वाहताना पाहणे आणि रात्री दिव्याची वात सुईने खाली ओढणे, एवढेच आहे. पण त्याच संग्रहात चंदा नावाची थेरी सांगते की, मी विधवा, अपत्यहीन, हाती काठी आणि पात्र घेऊन सात वर्षे भटकत होते. पटाचारेने मला करुणेने जवळ केले. एकीच्या आयुष्याचे वळण दुसरीच्या आयुष्याचे कारण झाले. दोघींच्या गाथा वेगवेगळ्या वाचल्या तर हे निसटते. एकत्र वाचल्या तरच दिसते.

आमच्या काळातील ओवणी

युरोपात १३४८ च्या महामारीनंतर बोकाचिओने ‘डेकॅमेरॉन’ रचले. फ्लॉरेन्समधून बाहेर पडलेले सात तरुणी आणि तीन तरुण दहा दिवसांत शंभर कथा सांगतात. ते नगर सोडून उपवनात जाऊ शकले. आमच्या लेखकांना असे उपवन नव्हते; त्यांना पडझडीच्या आतच राहून लिहावे लागले.

शंकरराव खरात यांचा ‘बारा बलुतेदार’ हा कथासंग्रह १९५९ चा. खरात ‘प्रबुद्ध भारत’चे संपादक होते आणि पुढे मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले. एकेका बलुतेदाराची कथा स्वतंत्र असली तरी त्या सर्वांना बांधणारा गावगाडा एकच आहे, आणि तो मोडकळीस आलेला आहे. हा गाडा मोडला याचा शोक करावा की आनंद मानावा, असा पेच वाचकापुढे उभा राहतो. कारण त्या व्यवस्थेत अन्न होते, पण माणूसपण नव्हते. १९६३ मध्ये बाबुराव बागूल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती!’ आला आणि १९६९ मध्ये ‘मरण स्वस्त होत आहे’. गावातून उखडलेला माणूस शहरात आला तरी जात त्याच्यामागून येते, हे या कथा मिळून सांगतात. मराठवाड्यातील प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ १९७९ साली प्रसिद्ध झाले. ते आत्मकथन असले तरी त्याची घडण सुट्या आठवणींची आहे. भूक आणि शिक्षणाची ओढ हे त्यांचे सूत.

परंतु मराठवाड्याच्या दोन मोठ्या पडझडी एकत्र ओवण्याचे काम अजून बाकी आहे. १९७२ च्या दुष्काळात शासनाच्या मदतकार्यांवरील मजुरांची संख्या मे १९७३ मध्ये राज्यभर पन्नास लाखांच्या घरात गेली. त्यातून रोजगार हमीचा विचार दृढ झाला आणि १९७७ मध्ये कायदा संमत झाला. दुसरीकडे त्याच १९७२ साली परभणी जिल्ह्यातील ब्राह्मणगाव येथे विहिरीच्या पाण्यावरून दलित स्त्रियांची विटंबना झाली आणि त्याच वर्षी मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने संमत करताच वस्त्या जळू लागल्या. नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. नामविस्तारासाठी १४ जानेवारी १९९४ पर्यंत वाट पाहावी लागली. सहा वर्षांपूर्वी जे एकाच कामावर शेजारी बसून खडी फोडत होते, त्यांच्यातीलच काहींनी शेजाऱ्याच्या छपराला आग लावली, हे कसे घडले? हा प्रश्न एका नायकाच्या चरित्रात मावत नाही. त्याला अनेक कथा लागतात, आणि त्या एकमेकींना माहीत असाव्या लागतात.

लिहिणाऱ्या तरुणांसाठी

वडीगोद्री, शहागड, अंबड, घनसावंगी या भागांतील विहारांत जमणाऱ्या तरुणांना आम्ही काही गोष्टी सुचवू इच्छितो.

प्रथम, सूत निवडताना माणूस निवडू नये, वस्तू किंवा जागा निवडावी. विहीर, कालव्याची चारी, मदतकार्याचे हजेरीपत्रक, वस्तीकडे जाणारी वाट. एका कथेत पाणी मागणारी स्त्री दुसऱ्या कथेत हजेरी लावणारी असेल. तिसऱ्या कथेत तिचा मुलगा औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाच्या वसतिगृहात असेल.

दुसरे, प्रत्येक कथेचा शेवट हा पुढच्या कथेचे कारण व्हावा. चक्कवत्ति-सीहनाद सुत्ताने हा नियम घालून दिलेला आहे.

तिसरे, आग लावणाऱ्याचीही एक कथा असावी. ती त्याला निर्दोष ठरविण्यासाठी नव्हे. अंगुलिमालाला समजून घेतल्याने त्याने घेतलेले बळी पुसले जात नाहीत. भिक्खू झाल्यावरही लोकांनी त्याच्यावर दगड फेकले आणि तथागतांनी ते त्याला सोसण्यास सांगितले. कारण समजणे वेगळे आणि क्षमा करणे वेगळे.

चौथे, जे हयात आहेत त्यांची नावे आणि जखमा त्यांच्या संमतीवाचून वापरू नयेत. कथेला कल्पनेची सोय आहे ती याचसाठी. सत्य राखून माणसाला झाकता येते.

शेवटचे आणि सर्वांत महत्त्वाचे. पडझडीवरच थांबू नये. सात दिवसांनंतर कोण कोठून बाहेर आले आणि त्याने प्रथम कोणाला पाहिले, हे लिहावे. १९७८ च्या त्या दिवसांत काही घरांनी शेजाऱ्यांना आपल्या कणगीमागे लपविले असेल, तर तेही लिहावे. ते लिहिल्याने अत्याचाराची धार कमी होत नाही. उलट, त्या रात्री दुसरेही काही करणे शक्य होते, हे त्यातून सिद्ध होते; आणि म्हणूनच ज्यांनी ते केले नाही त्यांची जबाबदारी अधिक स्पष्ट होते.

पिंगिय अतिवृद्ध होता. आपले अंग थकले आहे, दृष्टी नीट चालत नाही, असे तो स्वतःच तथागतांना सांगतो. तरीही मगधापासून गोदावरीपर्यंतची वाट चालून येऊन त्याने बावरीला सारे सांगितले आणि म्हणूनच ती कथा पुरी झाली. आमच्या गावांत असे पिंगिय अजून आहेत. वर्षावासाच्या तीन महिन्यांत विहारात ग्रंथवाचन होतेच. त्याच्या जोडीने आठवड्यातील एक संध्याकाळ त्यांच्यासाठी ठेवावी. त्यांनी सांगावे, तरुणांनी लिहून घ्यावे, आणि आश्विन पौर्णिमेपर्यंत त्यातील फुले ओवायला घ्यावीत. वारा तर वाहतोच आहे.